काळी पाच

पत्रांचा जमाना फार गोड होता असं कुणी म्हणालं की मी विचारतो, तुमच्या घरचं कोण होतं फौजेत? बहुतेकांचं कुणी नसतं. ज्यांचं असतं ते पत्रांविषयी असं बोलत नाहीत. ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ एवढाच पत्ता, त्यावरून पोरगा राजस्थानात आहे की काश्मिरात, काही कळायचं नाही. आंतर्देशीय हातात पडायचं तोवर त्यातली खुशाली शिळी झालेली असायची. पोरगा बरा आहे म्हणजे पत्र टाकलं त्या दिवशी बरा होता. मधल्या दिवसांचं कुणाला विचारणार?

आता आमच्या भावकीतली पोरं लडाखातून व्हिडिओ कॉल करतात, लंगरात काय शिजलं ते दाखवतात, आईशी भांडणसुद्धा करतात. २०२५च्या जानेवारीत सियाचिनवर मोबाइलचं ४जी आणि ५जी पोचल्याची बातमी आली, ती मी पुतण्याकडून दोनदा वाचून घेतली. आमचा थोरला तिथंच होता. त्याच्या वेळी वरच्या चौकीवरून बोलायचं ते वायरलेसवर, आणि तेही कामाचंच.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. अपशिंगे मिलिटरीसारखं नावापुढं काही लागलेलं नाही, पण पोरगं अठराचं झालं की भरतीची वाट धरणार हे आमच्याकडंही ठरलेलं. थोरल्याचं मात्र कुणाला तसं वाटलं नव्हतं. तो गाणारा. मी भजनात पखवाज वाजवायचो, म्हणून तो मांडीवर असल्यापासून देवळात. डाव्या तोंडाला लावायची कणीक मळून देणं हे त्याचं पहिलं काम. पुढं सप्ताहात रूपाचा अभंग तो काळी पाचमध्ये धरायचा आणि वयानं मोठे टाळकरी माना वर करून बघायचे. आवाज फुटला तेव्हा वर्षभर गप्प होता. परत गायला लागला तेव्हा पट्टी उतरली होती, पण महिनाभरात हट्टानं पुन्हा वर चढला. घसा बसेल म्हटलं तर ऐकायचा नाही.

शाळेत एक मेला ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ त्यानंच म्हणायचं. राजा बढ्यांचे शब्द आणि श्रीनिवास खळ्यांची चाल, पण आमच्या भागात ते गाणं शाहीर साबळ्यांचं. साबळे वाईजवळच्या पसरणीचे, म्हणजे आमच्या जिल्ह्यातलेच. १९ फेब्रुवारी २०२३पासून ते राज्यगीत झालं. आता शाळेत ते स्पीकरवर लागतं, पोरं सरळ रांगेत उभी राहून ओठ हलवतात. रेकॉर्डिंग चांगलं आहे, तक्रार नाही. एवढंच की चुकीच्या पट्टीत सुरू करून निम्म्यात अडकणारं पोरगं आता कुठं दिसत नाही. थोरला एकदा तसा अडकला होता. हसत थांबला, खाली घेतलं आणि पहिल्यापासून म्हटलं.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर त्याचं ट्रेनिंग झालं. कसम परेडला मी गेलो होतो. पलटणीत गेल्यावर मंदिर परेडच्या आरतीला त्याचा आवाज पंडितजींनी हेरला, मग गणपतीत, बडा खान्याला, सगळीकडं त्यालाच उभं करायचे. पत्रांत ड्युटीबद्दल चार शब्द आणि गाण्याबद्दल पानभर. ‘आबा, त्या अभंगाच्या दुसऱ्या ओळीवर तुमची थाप उशिरा पडते,’ हे तो तिकडून लिहायचा. मी ते पत्र मंडळीत वाचून दाखवलं तर माझा भाऊ म्हणाला, खरं आहे.

त्याच्या आईचं वेगळंच. संध्याकाळी सातच्या बातम्या संपल्या की ती विविध भारतीवर ‘जयमाला’ लावायची. फौजी भावांची फर्माईश आणि त्यांची नावं. गाण्यांशी तिला देणंघेणं नव्हतं, ती नावं ऐकायची. एकदा नाव आलं, भाकरी तव्यावर करपली, आणि मग निवेदिकेनं आडनाव सांगितलं ते भलतंच होतं. तरी ती त्या पोराला पुढं कितीतरी दिवस ‘आपला दुसरा’ म्हणायची.

दोन महिन्यांची वार्षिक रजा तो सप्ताहाच्या बेतानं मागायचा. झेलम एक्स्प्रेसनं पुणं, तिथून एस.टी., काळी ट्रंक टपावर. घरी पाय धुतले की पहिला प्रश्न, पखवाजाची शाई बदलली का?

मग ग्लेशियर. १९८४च्या एप्रिलमध्ये आपलं सैन्य सियाचिनवर चढलं, त्याच्या पुढच्या काही वर्षांतली ही गोष्ट. अठरा हजार फुटांवर छातीत जाणारा प्राणवायू खालच्या निम्मा. गोळीपेक्षा थंडीनं आणि उंचीनं माणसं जास्त गेली ती जागा. त्यानं तिथून लिहिलं की इथं अभंगाची ओळ एका दमात होत नाही, दोनदा श्वास घ्यावा लागतो. केरोसिनच्या स्टोव्हनं थुंकीसुद्धा काळी येते. तरी मी गुणगुणतो, खाली आलो की बघू. ज्याचा सगळा जीव दमावर, त्याला दम पुरत नव्हता. मला तेव्हाच कसंतरी झालं, पण पोस्टकार्डावर काय लिहिणार? जपून राहा, एवढंच लिहिलं.

त्याच्या फुप्फुसात पाणी झालं. यावर खरा उपाय एकच, माणसाला ताबडतोब खाली आणणं. हवा खराब होती, हेलिकॉप्टर उडालं नाही.

तार इंग्रजीत आली, गुरुजींकडून वाचून घ्यावी लागली. जुलै २०१३मध्ये सरकारनं तारसेवा बंद केली तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख आले होते. आमच्या आळीत कुणी हळहळलं नाही.

त्या काळी बहुतेकांचा अंत्यविधी तिकडंच उरकायचे. आमच्या घरी अस्थी आल्या आणि मागाहून ट्रंक. १९९९च्या कारगिलपासून तिरंग्यातल्या पेट्या गावोगाव यायला लागल्या. आता बिगुल वाजतो, सलामी होते, सगळा तालुका लोटतो. चौकात फ्लेक्स लागतात आणि त्यावर जवानापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात. ते मला आवडत नाही. पण आईला पोराचं तोंड बघायला मिळतं, तेवढ्यासाठी बाकीचं सगळं मी चालवून घेईन. आमची मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की मी काही बघितलेलं नाही, मला काय माहीत.

त्याचा आवाज कुठं नाही. गावात टेपरेकॉर्डर होते, पण कॅसेट लागायची ती काल्याच्या कीर्तनाला, महाराजांसाठी. गावच्या पोराचा आवाज कोण भरून ठेवतो? तो तर उद्याही गाणार असतो. आता सप्ताहात चार जण मोबाइल धरून उभे, कीर्तन संपायच्या आत यूट्यूबवर. साउंडवाला इतका इको लावतो की टाळ कुठला आणि प्रतिध्वनी कुठला ते कळत नाही. माझं ऐकणं कमी झालंय, तरी मला त्रास होतो.

एक राहिलंय. त्या अभंगाची दुसरी ओळ सगळीकडं खाली उतरते. थोरल्यानं ती वर नेली होती, कुणाला न विचारता. आमची मंडळी अजून तशीच घेतात. बाहेरून आलेला गायक तिथं हमखास चुकतो आणि आमच्याकडं रागानं बघतो. नव्या पोरांना ती कुणाची चाल हे माहीत नाही, त्यांना वाटतं आमच्या गावाची आहे.

पुतण्याचा मुलगा सध्या लडाखात आहे. अग्निवीर म्हणून गेला, चार वर्षांनी शंभरातले पंचवीस ठेवणार, त्याची धास्ती त्याला आहे आणि त्याच्या बापाला जास्त. तोही गातो, बरा गातो. परवा कॉल करून म्हणाला, ‘आबा, युनिटच्या गणपतीत आपला अभंग म्हणायचाय, दुसरी ओळ नीट सांगा.’ मी पखवाज पुढं ओढला. पण मी थाप टाकली की त्याचा सूर मागून यायचा, तो थांबला की माझी थाप पुढं गेलेली. नेटवर्कचा उशीर. तीनदा करून बघितलं आणि दोघंही हसायला लागलो. तो म्हणाला, आबा, थाप तुमचीच उशिरा पडतेय. मी म्हटलं, रजा कधी आहे ते सांग.