दुखणं थांबलं, हाड जुळलं नव्हतं

कॉलरबोन मोडणं ही सायकलवाल्यांची इतकी नेहमीची दुखापत आहे, की तिच्याबद्दल कुणी फारसं हळहळत नाही. "कॉलरबोनच ना? मग काही नाही रे," असंच ऐकायला मिळतं. मीही तेच धरून चाललो होतो. आपोआप जुळणारं हाड, गळ्यात अडकवलेला हात, थोडी विश्रांती आणि पुन्हा टेकडी. हाडाने त्याचं काम चोख केलं. घोळ घातला तो मी, आणि जवळजवळ प्रत्येक घोळ एकाच समजुतीपायी: दुखत नाही, म्हणजे बरं झालं.

पडलो वेताळ टेकडीवर. पुणे शहरातला हा सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. जुनी दगडखाण, उघडा कातळ, मुरमाच्या पायवाटा. माउंटन बाइक चालवणाऱ्या पुणेकराचा निम्मा सराव इथेच होतो. पहिल्या पावसानंतर मुरमाचा वरचा थर सुटतो, खालची जमीन मात्र टणकच असते. टायरमध्ये मी डांबरी रस्त्यासाठी ठासून भरलेली हवा तशीच ठेवली होती. उतारावरच्या वळणात पुढचा ब्रेक आवळला, पुढचं चाक निसटलं आणि मी खांद्यावर आदळलो. पडताना हात टेकला की हे हाड मोडतं असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा ते खांद्याच्या टोकावर थेट मार बसल्याने मोडतं. हात आणि धड यांना जोडणारा हाडांचा दुवा हा एवढाच, त्यामुळे खांद्यावर बसलेला मार त्यातूनच पुढे जातो. मोडण्याची जागाही ठरलेली: सुमारे ८० टक्के वेळा मधला भाग, जिथे ते सर्वांत बारीक असतं.

उठल्यावर मी पहिल्यांदा काय तपासलं? मागचे गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर वाकला का, ते. मग सोबतचा मित्र "रिक्षा बोलावतो" म्हणत असताना एका हाताने सायकल चालवत घरी आलो. या हाडाच्या खालून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, आणि फुप्फुसाचं टोकही तिथून दूर नसतं. बोटं बधिर होणं, हात गार पडणं, दम लागणं, हाडाच्या टोकाने कातडी ताणून पांढरी पडणं, यातलं काहीही असलं तर एक मिनिटही दवडायचं नसतं. मी यातलं काहीच पाहिलं नाही. काही बिघडलं नाही हे नशीब.

त्या रात्री झोप नव्हतीच, म्हणून मोबाइलवर सायकलपटूंच्या कहाण्या वाचत बसलो. लान्स आर्मस्ट्राँगची कॉलरबोन मार्च २००९ मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत मोडली, धातूची प्लेट आणि स्क्रू बसवले, आणि मे महिन्यात तो जिरो द इटालिया शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता. सकाळी मी हाडांच्या डॉक्टरांसमोर जवळजवळ फर्मानच काढलं: प्लेट टाका. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "तुम्हाला हाड नीट जुळायला हवंय, की सायकल लवकर हवीय?" मला दोन्ही हवं होतं, हे त्यांना माझ्या तोंडावरच दिसलं असावं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. तुकडे एकमेकांपासून पूर्ण सरकले असतील, हाड बरंच आखूड झालं असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अशा १३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात प्लेट घातलेल्यांमध्ये हाड न जुळण्याचं प्रमाण कमी आढळलं. पण शस्त्रक्रियेला जंतुसंसर्गाचा धोका असतो, जखमेखालची कातडी बधिर राहू शकते, आणि सॅकचा पट्टा प्लेटवर घासत राहिला तर ती काढायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. माझे तुकडे जवळपास रेषेत होते. त्यामुळे पाऊच स्लिंग आणि धीर, एवढंच औषध ठरलं. आठच्या आकड्यासारखा पट्टा दोन्ही खांद्यांभोवती बांधायची पद्धत जुनी. तिने हाड अधिक चांगलं जुळतं असं दिसलेलं नाही, आणि काखेत काचतो तो वेगळाच.

घरी वेगळीच आघाडी उघडली होती. काकांचा गावाकडच्या हाडवैद्यासाठी आग्रह, मामीची कांडवेल, आईचे डिंकाचे लाडू. लाडू खाल्ले, बाकीच्यांना शास्त्र ऐकवलं. हे शास्त्र ऐकवणारा मी डॉक्टरांनी सिगारेटबद्दल विचारलं तेव्हा "कधीतरी" म्हणालो होतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. ऑफिसखालच्या टपरीवरचा 'कधीतरी' रोज दुपारी चहाबरोबर यायचा. काकांपेक्षा मी कुठे शहाणा होतो?

पुढची चूक दुहेरी होती. जे करू नका म्हणून सांगितलं ते केलं, आणि जे करा म्हणून सांगितलं ते टाळलं. लॅपटॉपची बॅग त्याच हाताने उचलली, माळ्यावरचा डबा काढायला हात डोक्याच्या वर नेला. उलट कोपर, मनगट आणि बोटं दिवसातून अनेकदा हलवायची होती, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कमरेत वाकून हात लोंबता ठेवत लहान गोल फिरवायचे होते. ते थोडं दुखायचं, म्हणून 'उद्या'वर जायचं. परिणामी हाड जुळायच्या आधीच खांदा आखडायला लागला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी एकदाच हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "व्यायाम केलेला नाही तुम्ही." नाकारण्यात अर्थ नव्हता.

मग दुखणं ओसरलं आणि मी स्वतःला बरा जाहीर केलं. बाल्कनीत सायकल ट्रेनरवर चढवली. पाय तर शाबूत आहेत, मग बसून का राहायचं? पण सायकलवर बसलं की शरीराचा भार हँडलवर येतो आणि तो खांद्यातूनच जातो, एवढा साधा विचार केला नाही. जिममधल्या सरळ पाठीच्या सायकलवर, हात न टेकता, हेच काम निर्धोक झालं असतं. त्यानंतर एका रविवारी, पुढच्या एक्स-रेची तारीख यायच्या आधीच, टेकडीवर गेलो. पडलो नाही. पण खडकाळ उतारावरच्या हादऱ्यांत खांद्यात काहीतरी कळवळलं, आणि हात पुन्हा गळ्यात अडकला.

एक्स-रेवर भेगेची रेघ स्पष्ट दिसत होती. डॉक्टर रागावले नाहीत, याची जास्त लाज वाटली. ते म्हणाले, "स्लॅब टाकल्यावर थोड्या दिवसांत त्याच्यावर चालता येतं. म्हणून खालचं सेंटरिंग काढतात का?" साधारण दोन-तीन आठवड्यांत तुटलेल्या टोकांभोवती मऊ ऊतक तयार होतं. टोकं एकमेकांवर घासायची थांबतात, म्हणून दुखणं कमी होतं. त्या ऊतकाचं टणक हाड व्हायला प्रौढ माणसात साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि मूळचा आकार व ताकद येण्याचं काम पुढे कित्येक महिने चालतं. म्हणजे दुखणं थांबतं तेव्हा हाड सर्वांत फसवं असतं. त्याच सुमारास मी टेकडीवर होतो.

यानंतर मी सांगितलेलं ऐकलं, शहाणपणापेक्षा भीतीने. सिगारेटबद्दल खरं सांगितलं आणि सोडली. आधी नुसता हात खांद्याच्या उंचीपर्यंत, मग त्याच्या वर, मग रबरी पट्टा, मग भिंतीवर टेकून जोर. पुन्हा सायकल धरली ती सपाट रस्त्यावर. टेकडी सर्वांत शेवटी, एक्स-रेवर हाड नीट जुळलेलं दिसल्यावर आणि दोन्ही हातांची ताकद सारखी झाल्यावर.

तरीही एक गोष्ट एक्स-रेत दिसली नव्हती. ज्या वळणावर पडलो तिथे पोचलो, की कोपरं ताठ व्हायची आणि बोटं ब्रेकवर आवळली जायची. ताठ हातांनी चाक आणखी घसरतं, म्हणजे भीतीच मला पाडायला निघाली होती. सायकल हातात धरून त्या वळणावरून चाललो, टायरमधली हवा कमी केली, मागचा-पुढचा ब्रेक हलक्या हाताने एकत्र वापरायचा सराव सोप्या उतारावर केला. हे सगळं मोडण्याआधी केलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आज खांदा पूर्ण फिरतो. जुळलेल्या जागी बोटाला लहानसा उंचवटा लागतो. तो बहुधा राहणारच, आणि त्याचा काही त्रास नाही. माझा वाया गेलेला सगळा वेळ मोडलेल्या हाडाच्या नव्हे, माझ्या घाईच्या खात्यावर आहे. तुमचा हात सध्या गळ्यात असेल तर एवढंच करा: डॉक्टरांपासून काही लपवू नका, सांगितलेला व्यायाम कंटाळा आला तरी करा, आणि सायकल परत कधी काढायची हे खांद्याला विचारू नका. तो 'दुखत नाही' म्हणून खोटं बोलेल. एक्स-रे काढा, आणि तो पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच टेकडीवर जा.