पीतांबराचा विग्रह

समास शिकवताना 'पीतांबर' हा शब्द मी गेली अठरा-वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. 'पीत असे अंबर' असा विग्रह केला की तो कर्मधारय. हाती येते ते एक पिवळे वस्त्र. 'पीत आहे अंबर ज्याचे तो' असा केला की बहुव्रीही, आणि समोर उभा राहतो तो विष्णू. शब्द एकच, पण पहिल्या विग्रहात तो स्वतः अंबर असतो, दुसऱ्यात त्याच्यापाशी अंबर असते. परीक्षेत हा फरक दोन गुणांचा. आमच्या ग्रंथालयाला तो एका दुर्मीळ खंडाएवढा महाग पडला, आणि चुकीचा विग्रह सांगणारा मीच होतो.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची, जिल्ह्याचे नाव अजून अहमदनगर होते तेव्हाची. आमच्याच महाविद्यालयातून शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी जावा भाषेत एक प्रणाली लिहायला घेतली. मी ग्रंथालय समितीत होतो. ग्रंथालयात काय काय असते, असे त्याने विचारल्यावर मी त्याला एक वंशावळच काढून दिली. मुळाशी 'ग्रंथ', त्याची अपत्ये संदर्भग्रंथ आणि नियतकालिक, नियतकालिकाचे अपत्य बांधीव खंड.

"म्हणजे संदर्भग्रंथ हा ग्रंथच ना, सर?"

"अरे, तत्पुरुष आहे तो. संदर्भासाठी ग्रंथ. उत्तरपद प्रधान."

या उत्तराचे तेव्हा मला स्वतःलाच कौतुक वाटले होते.

संगणकाच्या या शैलीत वस्तूंच्या जातीला 'क्लास' म्हणतात, आणि एका क्लासपासून दुसरा जन्माला घालण्याला 'इन्हेरिटन्स', म्हणजे सरळ वारसा. ही कल्पना ओस्लोच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या १९६७ सालच्या 'सिम्युला' भाषेतून आली. पित्याला जे जे करता येते ते ते अपत्याला न शिकवता येते. आमच्या 'ग्रंथा'ला शीर्षक होते, दाखल क्रमांक होता, आणि 'देणे' ही क्रियाही होती. संदर्भग्रंथ आणि नियतकालिके बाहेर द्यायची नसल्यामुळे त्याने त्या दोन क्लासांत 'देणे' अडवून ठेवले. बांधीव खंडात वेगळे काही लिहावेच लागले नाही. पित्याचा नकार त्याला आपोआप मिळाला. वारशाचे सुख ते हेच.

दोन वर्षांनी समितीच्या बैठकीत मी आग्रह धरला की सुटी मासिके मुलांना सात दिवस घरी न्यायला मिळावीत. ठराव झाला. विद्यार्थ्याने नियतकालिकाच्या क्लासमधला अडसर काढला. एका ओळीचे काम. त्या ओळीखाली बांधीव खंड उभे होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही आणि माझ्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता. काही महिन्यांनी देवघेवीच्या टेबलावर नव्याने बसलेल्या माणसाने 'दीनमित्र'च्या जुन्या अंकांचा एक खंड पडद्यावर पाहिला. 'देता येईल' असे उत्तर आले. त्याने दिला. १९१० साली सुरू झालेले आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी नेटाने चालवलेले हे सत्यशोधक साप्ताहिक; त्याचा खंड सात दिवसांसाठी गेला तो गेलाच. नेणाऱ्याचा नोंदवलेला पत्ता बदललेला निघाला.

विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता. त्याला काय समजावणार? त्यानेच मला समजावले. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली एका व्याख्यानात मांडलेली कसोटी त्याने सांगितली: जिथे पित्याची अपेक्षा आहे तिथे अपत्य उभे केले तरी काही बिघडता कामा नये. संदर्भग्रंथ या कसोटीवर पहिल्याच दिवशी नापास होता. 'ग्रंथ' द्यायचा असतो, हा द्यायचा नसतो. व्याकरणाने तो ग्रंथ खराच, पण प्रणालीला नावाशी कर्तव्य नसते, वागणुकीशी असते. जावाच्या कर्त्यांचीही अशी फसगत झाली आहे, असे तो म्हणाला, बहुधा मला बरे वाटावे म्हणून. १९९६च्या पहिल्या आवृत्तीतला 'स्टॅक' म्हणजे ताटांची चळत. घ्यायचे ते वरचेच ताट. पण त्याला 'व्हेक्टर' नावाच्या यादीचे अपत्य केल्यामुळे मधलेही ताट उपसता येते, आणि आजही येते.

नव्या रचनेत त्याने 'कॉम्पोझिशन' वापरले. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस यांच्या १९९४च्या 'डिझाइन पॅटर्न्स'मध्ये वारशापेक्षा याच मार्गाला पसंती दिली आहे. आता खंड हा कोणाचा वंशज नाही. त्याच्यापाशी शीर्षक आहे, दाखल क्रमांक आहे, आणि देवघेवीचा एक स्वतंत्र नियम आहे. मासिकांचा नियम बदलला तरी खंडाच्या नियमाला धक्का लागत नाही. मला ते ऐकताक्षणी कळले: हा बहुव्रीही. नियम आहे ज्याला तो.

वारसा सर्वस्वी त्याज्य आहे असे मात्र मला वाटत नाही. जुन्या रचनेत वंशावळ एका दृष्टिक्षेपात दिसे. नवीत प्रत्येक वस्तूला तिचा नियम हाताने जोडावा लागतो, त्याचे लेखनही बरेच वाढले. पण नियम जोडल्याशिवाय दाखलनोंदच पुरी होत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी कोणाला तरी थांबून विचारावे लागते की ही वस्तू बाहेर जाऊ द्यायची का. तेवढे थांबणे माझ्या वंशावळीत कुठेच नव्हते.

जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणताना एका संध्याकाळी आम्ही दोघे ग्रंथालयात बसलो होतो. 'दीनमित्र'पाशी येऊन तो थांबला. वस्तूची अवस्थाही आता वेगळी जोडायची होती: उपलब्ध, दिलेला, बांधणीस, गहाळ.

"याला काय जोडू, सर?"

"'दिलेला'च राहू दे," मी म्हणालो.