माळ

आमच्याकडं दारू सोडायची म्हणजे माळ घालायची. पंढरीला जायचं, गळ्यात तुळशीची माळ घालून यायचं. मग माणूस देवाला भिवो न भिवो, गावाला तरी भितोच. शेजारचे माळकरी तात्या वडलांना म्हणायचे, "आबा, एकदा माळ घाल, सुटशील." आबा हसायचे. "मपलं चर्च आडवं येतंय, तात्या."

आडवं चर्च नव्हतं, आडवा येत होता नाताळ. वैजापूर तालुक्यातली गोदाकाठची आमची ख्रिस्ती वस्ती. घोगरगावच्या गुरियन बाबांचं नाव म्हातारी माणसं अजून हात जोडून घेतात. पण नाताळ, लग्न, बारसं, बाटलीशिवाय काही पार पडायचं नाही. फादर उपदेशात रागवायचे, मंडळी माना डोलवायची आणि मिस्सा सुटली की पुन्हा बसायची. जी माणसं आबांना "सोड" म्हणायची, तीच सणाला पेला पुढं करायची. हे लिहायला नको वाटतं, पण होतं ते असं.

1987 च्या पावसाळ्यात आबांनी आईची शेळी विकून प्याली. माझ्या दहावीच्या फॉर्मची फी त्या शेळीवर होती. मी आबांशी बोलणंच सोडलं. फी शेवटी तात्यांनी भरली.

सप्टेंबरात आई आबांना घेऊन हरेगावला पायी निघाली. मतमाउलीची यात्रा 1949 पासूनची. नदीपलीकडं श्रीरामपूरजवळ, जुन्या साखर कारखान्याच्या गावात भरते. मेणबत्त्या घेऊन येणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे इतरही असतात. आईनं नवस केला नाही. दुकानातून जपमाळ घेतली, आबांच्या खिशात घातली आणि म्हणाली, "ही गळ्यात नाही घालायची, मोजायची."

मोजून काय होतंय? तिसऱ्या रात्री आबांचे हात थरथरायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली. तात्यांनी बैलगाडी जुंपली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली की जीवावर बेततं. आठ दिवस ठेवून घेतलं.

खरं काम पुढं सुरू झालं. दिवेलागणीची वेळ आबांच्या पिण्याची. नेमक्या त्याच वेळी वस्तीतले धर्मशिक्षक, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, ढोलकी घेऊन अंगणात यायचे. आणखी दोघं पेटी घेऊन. ना. वा. टिळकांची भजनं चालायची. चौथ्या दिवशी तात्या टाळ घेऊन आले. "चाल तर आमचीच दिसतीय," म्हणाले आणि बसले. नऊ वाजले की सगळे उठायचे. तोवर गुत्ता बंद.

सहा महिने गेले. ऊसतोडीचा हिशेब मिळाला त्या संध्याकाळी आबा घरी आलेच नाहीत. मला वाटलं, आता ही मंडळी उठून जातील. त्यांनी भजन सुरू केलं. अंधार पडल्यावर गोठ्यामागं कुणीतरी ओकत असल्याचा आवाज आला. मी उठलो. आज बापाला मारायचंच, असं मनात होतं. मास्तरांनी मनगट धरून मला खाली बसवलं. भजन संपवून ते गोठ्यामागं गेले आणि एवढंच म्हणाले, "आबा, उद्याबी याच टायमाला."

नंतर त्यांनीच आबांना तेव्हाच्या औरंगाबादेत एएच्या बैठकीला नेलं. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेली ही गोष्ट. तिची मुळं ख्रिस्ती प्रार्थनामंडळात, पण दारात धर्म कुणी विचारत नाही. परत आल्यावर आबा म्हणाले, "तिथं उपदेश न्हाई. जो तो आपलीच लाज सांगतो." आईनं विचारलं, "तुमी सांगितली?" आबा म्हणाले, "शेळीची सांगितली."

त्या नाताळला मास्तरांच्या अंगणात फक्त चहा होता. चार घरची माणसं आली, बाकीची आली नाहीत.

पुढल्या वर्षी आबांनी बाजारातून शेळी आणली. दावं आईच्या हातात न देता माझ्या हातात दिलं. मी काही बोललो नाही. तिला पाणी पाजायला घेऊन गेलो.