रिंगा बसेपर्यंत

नवी मोटारसायकल घेतली की पहिले १००० किलोमीटर मालकाच्या सब्राचा इम्तिहान असतो. माझी भिशी लागली तेव्हा मी रोखीने शंभर सीसीची गाडी घेतली. व्याजाच्या हप्त्यांना अब्बांची सक्त मनाई. लातूरहून औशाची शाळा सुमारे २० किलोमीटर, येऊन-जाऊन ४०. म्हणजे हा इम्तिहान शाळेचे २५ दिवस चालणार होता.

अब्बांनी उमर राजदूतवर काढली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून. त्यांचा हुकूम एकच : काटा चाळिशीच्या पुढे न्यायचा नाही. मी सरळ रस्त्याने एकाच संथ चालीत जात होतो. काळ्यापिवळ्या जीपच काय, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्याही मला मागे टाकत.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तर वर्कशॉपमध्ये माझाच एक जुना विद्यार्थी पाना घेऊन उभा. अब्बांचा हुकूम ऐकून तो हसला. म्हणाला, "सर, रिंगां बैठने कू जोर भी लगता."

मग त्याने जे सांगितले ते असे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून तिच्या मापाच्या होतात, तेव्हा कुठे इंजिनचा दाब धरला जातो. पेट्रोल जळताना होणारा वायू रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. गाडी फार जपून, कुठलाही भार न देता चालवली तर हा दाबच कमी पडतो. रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर जळक्या तेलाचा गुळगुळीत थर चढतो आणि पुढे जन्मभर निळा धूर. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण पिळली तर गरम होऊन पिस्टन धरते. म्हणून वेग सतत कमी-जास्त करायचा, चढावर थोडा जोर द्यायचा, मग इंजिनला दम घेऊ द्यायचा. टॉप गिअरमध्ये रखडवायची मात्र नाही.

आठवीच्या विज्ञानात घर्षण मीच शिकवतो. हा मुलगा तेव्हा शेवटच्या बाकावर असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवता येत नव्हते. कायद्यात दुरुस्ती २०१९ ची, आणि महाराष्ट्राने पाचवी-आठवीला परीक्षा लावली ती २०२३ मध्ये. तो वर सरकत आला आणि नववीत पहिला खरा भार आला तेव्हा शाळाच सुटली. परीक्षेच्या जागी कायद्याने रोजचे मूल्यमापन सांगितले होते. ते बहुतेक ठिकाणी रकाने भरण्यापुरते उरले. नापास करणे हा इलाज आहे असे मी म्हणत नाही. एकाच वर्गात दोनदा बसवलेली पोरे मी पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी तिसऱ्यांदा बसायला येतच नाहीत.

त्याने खालचा नट काढला. ट्रेमध्ये ५०० किलोमीटर चाललेले तेल उतरले, काळपट. बोटावर घेऊन उन्हात धरले तर त्यात चांदीच्या भुकटीसारखे कण चमकत होते. "ये घिसे सो माल है," तो म्हणाला. रिंगा आणि भिंत एकमेकींशी जुळवून घेताना झडलेला. तेच तेल आत राहिले तर वाळूच्या कागदासारखे काम करते, म्हणून पहिले तेल वेळेवर बदलायचे. पुढची बदली लांबली तरी एकवेळ चालेल. मजुरी फुकट होती, तेलाचे पैसे मी दिले.

पावती फाडताना त्याने हळूच विचारले, "सर, दहावीचा सतरा नंबर फॉर्म अभी भी भरते क्या?"

भरतात म्हणालो. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो त्याने कधी नेलाच नव्हता, आमच्याच कपाटात पडून होता. गणिताचे काय, असे त्याने विचारले. रविवारी घरी ये म्हणून सांगितले.

परतीच्या वाटेवर चढाला मी गाडीला थोडा जोर दिला. अब्बांना अजून सांगितलेले नाही.