बावीस अक्षरांची चिठ्ठी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्रावर लिहावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. प्राणिशास्त्राच्या सरांनी हसून पान उलटले तरी माझी हरकत नाही. पण हा विषय मला सुरतेत कळला, आणि तोही खतावणीच्या भाषेत.

माझे मामा सुरतेच्या रिंग रोडवरील एका कापडाच्या पेढीत हिशेब लिहितात. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. तेथे साड्यांच्या घड्या घालणारा, माझ्याच वयाचा एक आदिवासी मुलगा आहे. गाव मांडवी तालुक्यातले. त्याला सिकलसेल आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. मग खाडे होतात, पगार कापला जातो. आपण विळा म्हणतो, कन्नडमध्ये कुडुगोलु, गुजरातीत दातरडुं. "शेतातलं दातरडुं बरं, ते निदान हातात धरता येतं," असे तो म्हणतो.

पेशीची मूळ खतावणी म्हणजे डीएनए. ती केंद्रकाच्या तिजोरीतच राहते. हव्या त्या पानाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिने बनतात. एवढे पाठ्यपुस्तकात असते. परंतु १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुवकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत निराळाच प्रकार दाखवून दिला. हा आरएनए जेमतेम बावीस अक्षरांचा. त्यापासून काहीच बनत नाही. तो नकलेला जाऊन चिकटतो आणि काम थांबवतो. बँकेला आपण 'चेकचे पैसे देऊ नका' अशी चिठ्ठी देतो ना, तीच ही! या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. माणसातही अशा शेकडो चिठ्ठ्या फिरत असतात.

आता सिकलसेलकडे येऊ. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते खाते बंद होत जाते व नवे उघडते. सिकलसेलचा दोष या नव्या खात्यात आहे. जुने चालू राहिले तर त्रास कमी होतो. तेरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असलेल्या बाळांत ते जास्त काळ चालू राहते, आणि त्यामागे त्या गुणसूत्रावरील दोन सूक्ष्म आरएनए आहेत, असे २०११ मध्ये दाखवले गेले. गंमत अशी, की रक्ताच्या एका कर्करोगात अनेक रुग्णांमध्ये नेमक्या याच दोन चिठ्ठ्या हरवलेल्या असतात. जास्त झाल्या तर एक, कमी झाल्या तर दुसरेच.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने एका जनुकीय उपचाराला परवानगी दिली. त्यातही एक छोटा आरएनए आहे, पण तो वाटाड्याचे काम करतो. त्याची वीस अक्षरे खतावणीतली नेमकी ओळ शोधतात, तेथे कात्री चालते आणि जुने खाते पुन्हा उघडते. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर. पगार महिना पंधरा हजार धरला तर हजार वर्षांची कमाई झाली. तीही एकही खाडा न करता. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची पद्धत जाहीर केली. तिला बिरसा मुंडांचे नाव दिले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला ती सोपवली. ती स्वस्त पडेल अशी आशा आहे, पण आशा ताळेबंदात मांडता येत नाही.

तोवर त्याच्याकडे हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आहे. जुने खाते थोडेफार उघडण्याचे काम तीही करते.

यंदा त्याच्या घरी लग्नाचे बोलणे चालले होते. मुलगी वाहक निघाली तर? त्याने विचारले. मी कागदावर मांडून दाखवले : प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी. आधी तिचे रक्त तपासून घे, म्हणालो.

"पण तिला विचारू कसं?" तो म्हणाला.

ते मला सांगता आले नाही. मामांनी पार्सलची बिले मागितली, ती द्यायला मी उठलो.