यादी खालून वाचावी

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, या म्हणीला आता आणखी एक जोड द्यावयास हरकत नाही : संगणक पाहावा जोडून! तयार संगणक न घेता एकेक सुटा भाग निवडून तो आपल्या मनाप्रमाणे उभा करण्याची हौस हल्ली पुष्कळ घरांतील मुलांना असते. आम्ही या हौसेचे स्वागतच करतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो वा सिकंदराबादचे पार्कलेन, तेथे भाव विचारीत हिंडणारे मूल गणित, विज्ञान आणि व्यवहार हे तिन्ही विषय एकदमच शिकत असते.

मात्र सल्ला विचारावयास येणाऱ्या मुलांची यादी आम्ही पाहतो, तेव्हा तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सर्वांत वर प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट. आणि अगदी तळाशी, उरल्यासुरल्या पैशांत बसेल ती वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात. कळसाला सोने आणि पायाला माती, असाच हा प्रकार!

वास्तविक घरातील 230 व्होल्टची वीज घेऊन तिचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करण्याचे काम ही पेटी करते. संगणकातील प्रत्येक भाग हिच्याच हातचे जेवतो. प्रोसेसर मंद असला, तर काम सावकाश होईल, इतकेच. पण ही पेटी निकृष्ट निघाली, तर स्वतः जळताना मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही ती बरोबर नेऊ शकते.

तिची परीक्षा सातवीतल्या मुलालाही करता येईल. समजा, पेटीवर ठळक अक्षरांत 450 वॅट छापले आहे. शेजारच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात मात्र 17 अँपिअर लिहिलेले आहेत. 12 गुणिले 17 म्हणजे 204. आजच्या संगणकाची मुख्य भूक 12 व्होल्टवरच भागते. तेव्हा तो 450 चा आकडा केवळ शोभेचा समजावा. 2004 साली सुरू झालेले ‘80 प्लस’चे चिन्हही पाहावे; पण ते विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगते, सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. अतिदाबापासून आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे काय, आणि हमी एका वर्षाची की पाच वर्षांची, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे.

आतील कपॅसिटरही महत्त्वाचे. त्यांवर 85 किंवा 105 अंश असा उष्णतेचा आकडा असतो. उष्णता 10 अंशांनी वाढली, की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. आपल्याकडील वैशाखात हा हिशेब विसरून चालत नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगून फुटले, त्याचे कारण त्यांतील सदोष द्रव हे होते. चार पैशांच्या भागाने हजारोंचे यंत्र निकामी केले!

यंत्र तरी पुन्हा विकत मिळते. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी घराण्याच्या दप्तरातील मोडी कागद वाचून त्यांचे बाळबोध लिप्यंतर संगणकावर उतरविण्याचे काम चार वर्षे चालविले होते. उन्हाळ्यातील एका दुपारी वीज गेली आणि झटक्याने परत आली. स्वस्तातली पेटी जळाली, तिच्यापाठोपाठ डिस्कही गेली. दप्तर आजही कपाटात सुखरूप आहे; पण ती मोडी अक्षरे लावणारे डोळे आता थकले आहेत, आणि त्या घरात दुसऱ्या कोणास मोडी येत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत अशी दप्तरे आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिले.

आणखी दोन गोष्टी. जुन्या वाड्यांतून प्लगला तिसरी पिन असते, पण तिचा जमिनीशी संबंध नसतो. संगणक लावण्यापूर्वी अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि पेटी कितीही उत्तम असली, तरी मोलाच्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या घरी ठेवावी.

पैसे अपुरे पडले तर? दिवे आणि काच यांना खुशाल रजा द्यावी. खेळांची आवड नसल्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावाचून अडत नाही. मात्र प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्स असलेला घ्यावा. तो एक पायरी खालचा घेतला, तरी लेखन-वाचनास पुरतो. तेव्हा पालकांना आमचे सांगणे इतकेच, की मुलाने केलेली यादी हाती आली, म्हणजे ती खालून वर वाचावयास घ्यावी. शेवटच्या ओळीला पुरेसे पैसे ठेवलेले दिसले, तर उरलेली यादी निश्चिंतपणे त्याच्यावर सोपवावी.