स्वर्गमंडपांतील उजेड

कॅमेरा हें यंत्र डोळ्यासारखें आहे, असें आपण सर्रास म्हणतों. परंतु डोळ्यामागें मन असतें आणि कॅमेऱ्यामागें तें आपणांस उभें करावें लागतें, हा धडा मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं खिद्रापुरास मिळाला. सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेला. उतारवयांत पुन्हां विद्यार्थी होण्याचा योग आला, त्याची ही हकीकत.

झालें असें कीं, माझ्या पुतण्यानें आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा घेतला आणि आपला जुना डिजिटल एसएलआर “काका, आतां हा तुमचा” असें म्हणून माझ्या स्वाधीन केला. त्याच सुमारास आमच्या दादांनीं एक इच्छा बोलून दाखविली. दादा माझे थोरले बंधु, वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचें खोलीबाहेर पडणें झालेलें नाहीं. लग्नानंतर वहिनींना घेऊन ते प्रथम नरसोबाच्या वाडीस गेले होते व तेथून खिद्रापुरास. “स्वर्गमंडपांत, सभामंडपाच्या दाराशीं उजव्या हाताला जो खांब आहे, त्याच्या पायथ्याशीं ती बसली होती. तेवढी जागा मला एकदां दाखव,” एवढेंच ते म्हणाले. वहिनींना जाऊन आतां सहा वर्षें झालीं.

वैशाखांत मी निघालों. कोल्हापुराहून जयसिंगपूर, शिरोळ, वाडी, कुरुंदवाड असें करीत खिद्रापुरास जातां येतें. दोहों बाजूंस ऊंसाचे मळे, मध्येंच कृष्णेचें पात्र, आणि गांवांत शिरल्यावर अकस्मात् समोर येणारें कोपेश्वराचें काळ्या पाषाणाचें देवालय! शिलाहारांच्या काळचें हें काम. पुढें यादव राजा सिंघण यानें शके ११३६ मध्यें, म्हणजे इ. स. १२१४ च्या सुमारास, कोरविलेला शिलालेखही येथें आहे. दक्षयज्ञांत सतीनें देहत्याग केल्यावर कोपलेला शंकर तो कोपेश्वर. त्याची समजूत घालण्यास आलेला विष्णु धोपेश्वर या नांवानें त्याच गाभाऱ्यांत आहे. सतीबरोबर नंदी गेला म्हणून देवासमोर नंदी नाहीं, अशी कथा सांगतात.

पूर्वेकडून आंत जातां प्रथम स्वर्गमंडप लागतो. त्यास एकंदर ४८ खांब. त्यांतील आंतले १२ खांब वर्तुळांत उभे आहेत आणि त्यांच्यावरील छत मध्यभागीं सुमारें १३ फूट व्यासाचें मोकळें सोडलेलें आहे. त्या आकाशाच्या बरोबर खालीं जवळजवळ तेवढीच वाटोळी शिला बसविली आहे.

मीं काय केलें? भर दुपारीं त्या शिलेवर उभा राहिलों, कॅमेरा वर रोखला, सर्व कांहीं ‘ऑटो’वर सोंपविलें आणि कळ दाबली. मग खांबाकडे वळून तसेंच केलें. तेव्हां कॅमेऱ्यानें आपण होऊन फ्लॅशही उडविला. घरीं येऊन दादांपुढें चित्रें ठेविलीं. पहिल्यांत आकाश चुन्यासारखें पांढरें व भोंवतालीं काजळी. दुसऱ्यांत खांब सपाट, कोरीव काम जणूं पुसून टाकलेलें. दादांनीं बराच वेळ पाहिलें. “अरे, हें तर विहिरीचें तोंड दिसतें. मंडप कोठें आहे?” असें म्हणून त्यांनीं चित्रें हळूच परत दिलीं. मला रागावले असते तर बरें वाटलें असतें.

रात्रीं पुतण्यापाशीं बसून मीं यंत्राची प्रकृति समजून घेतली. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास खांब ठाऊक नाहीं, आकाशही ठाऊक नाहीं. समोर जें असेल त्याची सरासरी काढून ती मध्यम राखाडी रंगाची करावयाची, एवढेंच त्यास ठाऊक. दहा मुलांपैकीं चौघांस शंभर व सहांस दहा गुण मिळाले, तर सरासरी शेहेचाळीस येते आणि केवळ सरासरी पाहणारा तपासनीस समाधानानें निघून जातो. त्या सहा मुलांची दाद कोणी घ्यावी? माझा खांब त्या सहांपैकीं होता. आकाश आणि खांब या दोहोंतील प्रकाशाचें अंतर एका चित्रांत मावणारें नव्हतें. कोणास राखावें हें मीं ठरवावयास हवें होतें.

मार्गशीर्षांत पुन्हां गेलों. रात्रीं वाडीस मुक्काम केला आणि सकाळीं आठास देवळांत हजर झालों. या खेपेस पहिले दोन तास कॅमेरा पिशवींतून काढला नाहीं; केवळ उजेड पाहत बसलों. छतांतून आलेलें उन्हाचें वर्तुळ प्रथम समोरच्या खांबांच्या माथ्यावर होतें. सूर्य जसजसा चढला, तसतसें तें खालीं उतरलें. जोंवर ऊन खांबावर होतें, तोंवर अर्धा खांब लखलखीत व अर्धा अंधारांत. मात्र तें पायथ्यापुढील फरसावर आलें, आणि दगडावरून परतलेल्या मवाळ उजेडानें अवघा खांब, त्याच्यावरील प्रत्येक कंगोरा, आपोआप उजळून निघाला.

मी मागें सरून पूर्वेकडील एका खांबास पाठ लावून जमिनीवर बसलों, कारण थेट खालून पाहिल्यास नुसतें भोंक दिसतें. दूर व खालीं बसल्यास वर्तुळाची कड आणि खांबांची रांग एकत्र येते. भिंग १८ मिलिमीटरवर, छिद्र एफ ८, आयएसओ ८००. फ्लॅश बंद. मापक ‘स्पॉट’वर ठेवून त्या एका खांबाचाच उजेड मोजला. पण काळा दगड पाहून यंत्र त्यासही राखाडी करूं पाहतें, म्हणून उणें-अधिकच्या कळीनें उजेड एक पायरी उतरविला. शटर एक पंधरांश सेकंद आलें. माझ्या थरथरत्या हातांस तें झेपणारें नव्हतें. तेव्हां उपरण्याची घडी करून तिच्यावर कॅमेरा टेकविला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे कळ दाबतांना बसणारा धक्का टळतो. फाइल ‘रॉ’ स्वरूपांत घेतली. तींत सावलींतील बारकावे पुष्कळ शाबूत राहतात व घरीं संगणकावर ते उजळतां येतात.

आकाशाचा तुकडा याही चित्रांत पांढराच राहिला. मीं तो राहूं दिला. दादांनीं आकाश मागितलें नव्हतें.

चित्र मोठें छापून आणलें. दादांनीं चष्मा पुसला आणि डाव्या हाताचें बोट खांबाच्या पायथ्यावरून सावकाश फिरविलें. “येथें दगडाचा टवका उडालेला होता. आहे अजून,” म्हणाले. मग कितीतरी वेळ कांहींच बोलले नाहींत. मीही बोललों नाहीं. अखेर त्यांनीं चित्र उशाशीं ठेवावयास सांगितलें आणि विचारलें, “वाडीचा घाट असाच आणशील का रे? पहांटेचा. आम्ही पहांटे उतरलों होतों.”

नदीवरचें धुकें पांढरें. तेव्हां यंत्र तें राखाडी करणार आणि आतां मला उजेड एक पायरी वाढवावा लागणार. पौषांतील एक पहांट त्यासाठीं राखून ठेविली आहे.